पिक्चरमध्ये ऑटिझम दिसला की तो कसा बघायचा : घरच्यांबरोबर, गल्लीतल्यांबरोबर आणि पोराबरोबर

2025 च्या जूनमध्ये ‘सितारे जमीन पर’ लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या काकी आमच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. आम्ही बेळगावच्या शहापूरात राहतो, गल्ली लहान, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. काकी म्हणाल्या, “आम्ही बघून आलो ग तो पिक्चर, रडू आलं बघ. तुझ्या चिन्नूला पण आसंच काय तरी आसंल की? काय येतंय त्याला? गणित येतंय काय?” चिन्नू माझा मुलगा, तेरा वर्षांचा, ऑटिझम आहे, मोजके शब्द बोलतो. काकींच्या मनात काही वाईट नव्हतं, त्या मायेनंच विचारत होत्या, पण असा प्रश्न मला प्रत्येक पिक्चरनंतर कोणीतरी विचारतंच, आणि मग मी ठरवलं की पिक्चर बघायच्या आधी, बघताना आणि बघून झाल्यावर काय करायचं ते एकदा नीट लिहून काढायचं, कारण आपल्याकडं बऱ्याच लोकांना ऑटिझम पहिल्यांदा भेटतो तो पडद्यावरच, डॉक्टर नंतर येतो.

आधी नक्की काय दाखवलंय ते बघा

ही गोष्ट सोपी वाटते पण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. ‘तारे जमीन पर’ (2007) मध्ये ऑटिझम नाही, त्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण. आपला मराठी ‘चौकट राजा’ (1991) बघा, दिलीप प्रभावळकरांचा नंदू लहानपणी अपघात झाल्यामुळं तसा झालेला आहे, तो पण ऑटिझम नव्हे. ‘यलो’ (2014) डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीवर आहे, ‘देवराई’ (2004) स्किझोफ्रेनियावर. आणि गल्लीत या सगळ्यांना एकच शब्द, “खुळं हाय ते”, नाहीतर कन्नडमधलं “हुच्च”. म्हणून पिक्चर सुरू करायच्या आधी बरोबरच्यांना एका वाक्यात सांगून टाका की यात काय आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार दिलेत आणि त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातली अडचण, मानसिक आजार हे सगळे वेगवेगळे लिहिलेत, सरकारी कागदावर पण ते वेगळे आहेत मग आपण एकाच पोत्यात का भरायचं. हां, एकाच माणसात दोन गोष्टी असू शकतात, ते वेगळं.

ऑटिझम म्हणजे काय हे विचारलं तर मी एवढंच सांगते : जन्मापासूनच मेंदू वेगळ्या पद्धतीनं चालतो, बोलणं-समजणं-लोकांत मिसळणं वेगळं असतं, आवाज-उजेड-स्पर्श कमीजास्त जाणवतो, ठरलेल्या गोष्टी ठरल्यासारख्या लागतात, आणि हे प्रत्येकात वेगळ्या प्रमाणात असतं. पुस्तकात ‘स्वमग्नता’ असा शब्द आहे. मी तो सहसा वापरत नाही, कारण स्वतःत मग्न म्हटलं की लोकांना वाटतं याला आपली गरज नाही, माया नाही. चिन्नूला शाळेतून आल्यावर मी दिसले नाही तर तो घरभर हुडकतो, आता याला स्वतःत मग्न कसं म्हणू. ‘माय नेम इज खान’ मध्ये ‘अॅस्पर्जर’ असं नाव ऐकाल, तो पिक्चर 2010 चा, त्यानंतर 2013 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मॅन्युअलनं ते वेगळं नाव काढून सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच घातलं. जुने पिक्चर बघताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर आजी विचारणार हा दुसराच रोग काय म्हणून.

तीन वाक्यांची परीक्षा

पिक्चर चांगला की वाईट हे मी एका साध्या गोष्टीवरून ठरवते. इंटरव्हलला किंवा संपल्यावर त्या ऑटिस्टिक माणसाची गोष्ट त्याच्याच नावानं सुरू होणाऱ्या तीन वाक्यांत सांगायची. त्याला काय पाहिजे होतं, त्यासाठी त्यानं काय केलं, शेवटी त्याला काय मिळालं किंवा नाही मिळालं. जमलं तर पिक्चरमध्ये माणूस आहे. नाही जमलं, प्रत्येक वाक्य भावाकडं, बापाकडं, कोचकडं वळायला लागलं तर समजायचं की हे पात्र दुसऱ्या कुणाला तरी सुधारायला आणून ठेवलंय.

‘रेन मॅन’ (1988) वर करून बघा. त्याला चार ऑस्कर मिळाले, बेस्ट पिक्चर पण तोच, डस्टिन हॉफमननं काम भारी केलंय याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यानं केलेल्या ऑटिस्टिक रेमंडची गोष्ट सांगायला बसलं की अडतं. बदलतो तो चार्ली, धाकटा भाऊ, आधी पैशासाठी भावाला घेऊन निघतो आणि शेवटी त्याला भावाची माया लागते. आणि रेमंड? तो जिथून आला तिथंच, त्या संस्थेत परत जातो. मी हा पिक्चर दोनदा बघितला, दुसऱ्यांदा त्या स्टेशनवरच्या सीननंतर मला झोप लागली नाही, कारण आमच्यासारख्या प्रत्येक आईबापाच्या मनात तोच एक प्रश्न असतो, आम्ही गेल्यावर हा कुठं राहणार, आणि पिक्चर तो प्रश्न ट्रेनच्या शिट्टीबरोबर सोडून देतो.

‘बर्फी’ (2012) मध्ये बऱ्याच गोष्टी गोड करून दाखवल्यात, तरी त्या परीक्षेत तो पास होतो असं मला वाटतं. त्यातल्या ऑटिस्टिक झिलमिलला काहीतरी पाहिजे आहे, बर्फी पाहिजे आहे, ती रागावते, रुसते, निवडते. घरच्यांना तिची लाज वाटते आणि तिच्या नावावरच्या पैशावर डोळा असतो, हे पण दाखवलंय, आणि हे आपल्याकडं होत नाही असं कुणी म्हणू नये. वाटण्या होताना अशा मुलाच्या नावाचं काय होतं ते गावोगाव बघितलेलं आहे, निपाणीकडं पण आणि खानापूरकडं पण.

“काय पॉवर हाय?” याला उत्तर काय द्यायचं

काकींचा गणिताचा प्रश्न कुठून आला तर तो पण ‘रेन मॅन’ मधूनच, सांडलेल्या टूथपिक एका नजरेत 246 मोजणारा रेमंड, कॅसिनोत पत्ते लक्षात ठेवणारा रेमंड. ती कल्पना ज्याच्यावरून आली तो किम पीक नावाचा खरा माणूस होता, हजारो पुस्तकं पाठ असलेला, 2009 मध्ये वारला, आणि त्याची गोष्ट ऑटिझमपेक्षा वेगळीच होती, मेंदूचे दोन भाग जोडणारा जो पूल असतो तोच त्याच्यात जन्मापासून नव्हता. म्हणजे बघा, एका माणसावरून पिक्चर, त्या पिक्चरवरून पुढची सगळी पात्रं, डॉक्टर झाला तर अचाट डॉक्टर, वकील झाली तर सगळे कायदे पाठ असलेली वकील. ‘गुड डॉक्टर’ बघा नाहीतर ती कोरियन ‘एक्स्ट्रॉऑर्डिनरी अॅटर्नी वू’ (2022). वू मला आवडते, खरंच आवडते, त्या सिरियलच्या तिसऱ्या एपिसोडमध्ये फारसं न बोलता येणारा ऑटिस्टिक मुलगा येतो आणि वूला स्वतःलाच कळतं की एकच नाव असलं तरी आपल्या दोघांत किती अंतर आहे. कुणाला एकच एपिसोड दाखवायचा असेल तर मी तो दाखवीन.

अशी खास कला थोड्याच लोकांत असते. बाकीच्यांचं काय? त्यांना जगायला काही पॉवर असायला लागत नाही. मी काकींना सांगितलं, “काकी, चिन्नूला गणित येत नाही. त्याला कुंदा आवडतो, पावसाचा आवाज आवडतो, गर्दी आवडत नाही. तुमच्या नातवाला काय पॉवर हाय असं कोण विचारतंय काय?” आवाज चढवायचा नाही, साधं बोलायचं, समोरचं माणूस विचार करतं. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘आंख मिचोली’ पिक्चरच्या केसमध्ये हेच सांगितलंय : अपंग माणसाची खिल्ली उडवू नका आणि त्याला काहीतरी अचाट करणारा पण करून दाखवू नका, आणि त्यांच्याबद्दल काही बनवायचं तर त्यांना विचारून बनवा. वाद घालणारं कोण भेटलं तर कोर्टाचं नाव काढायला हरकत नाही, आपल्याकडं कोर्टाला मान आहे.

दोन मिनिटं मागं घ्या

घरी मोबाईलवर किंवा टीव्हीवर बघत असाल तर हे नक्की करा. पात्र ओरडायला लागलं, कान झाकले, डोकं आपटून घेतलं की थांबवायचं आणि दोन मिनिटं मागं घेऊन परत बघायचं, आधी काय झालं? लाईट लुकलुकत होती काय, सगळे एकदम बोलत होते काय, ठरलेली गोष्ट अचानक बदलली काय. चांगल्या पिक्चरमध्ये कारण सापडतं. वाईट पिक्चरमध्ये काहीच सापडत नाही, म्युझिक चढवून नुसता तमाशा केलेला असतो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात एवढंच राहतं की ही पोरं कधीही काहीही करतात. असं सोसेनासं होऊन ओरडण्या-आपटण्याला मेल्टडाऊन म्हणतात, हट्ट वेगळा. हट्टात पोरगं तुमच्याकडं बघत असतं, काहीतरी पाहिजे असतं, मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये त्याचं त्याच्यावर काही चालत नाही, त्यावेळी खाऊ दाखवून आणि दम देऊन काही होत नाही.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगते. 2021 मध्ये ‘म्युझिक’ नावाचा इंग्रजी पिक्चर आला, त्यात मेल्टडाऊन आलेल्या मुलीला खाली पाडून तिच्या अंगावर पडून धरलेलं दाखवलंय, जणू तेच प्रेम. त्यावर जगभरातल्या ऑटिस्टिक लोकांनी आवाज उठवला आणि बरोबर केलं. असं धरल्यानं श्वास कोंडून माणूस मरू शकतो. पडद्यावर बघून कुणी हे घरात करू नका, शाळेत करू देऊ नका. आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला करा, लोकांना लांब करा, आवाज बंद करा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, आणि कमी बोला.

हात हलवणं, डुलणं, गोल फिरणं हे पण बघा कसं दाखवलंय. अॅक्टर लोक बऱ्याचदा एकच हालचाल पकडतात आणि पूर्ण पिक्चरभर तेवढीच करतात, मान वाकडी, बोटं वाकडी, नजर खाली. खऱ्या माणसाची हालचाल मूडप्रमाणं बदलते. चिन्नू आनंदात असला की टाचा उचलून उड्या मारतो, कंटाळला की बोटांनी कापड चोळत बसतो, भीती वाटली की कान धरून गुणगुणतो. हे थांबवायला जायचं नसतं, त्यानं त्याला बरं वाटत असतं.

आणि ऐकलेलं परत परत बोलणं. पिक्चरमध्ये याच्यावर हशा पिकवतात. आमच्या घरी मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि चिन्नूनं बातम्यांच्या चॅनेलवरून एक वाक्य उचललंय, “मिलते हैं ब्रेक के बाद”. पहिले सहा महिने आम्हाला वाटायचं हे उगीच बोलतोय. मग लक्षात आलं की लग्नकार्यात, बाजारात, पाहुण्यांत जिथं त्याला सोसेना तिथंच तो हे म्हणतो. त्याला म्हणायचं असतं, आता इथून चला. तर पिक्चरमधलं पात्र एकच डायलॉग परत परत म्हणत असेल तर बरोबरच्यांना विचारा, हा कधी कधी म्हणतोय ते मोजा बघू. आमच्या आत्याबाई या खेळात लय तरबेज झाल्या. आणि जाता जाता, चार भाषांमुळं पोरगं बोलत नाही, घरी एकच भाषा बोला, असं आम्हाला एका ठिकाणी सांगितलं होतं आणि आम्ही वर्षभर चिन्नूशी घरात मोडकं इंग्रजी बोललो, त्याची आजी तर बोलायचीच बंद झाली होती. भाषा जास्त झाल्या म्हणून ऑटिझम होत नाही आणि वाढत पण नाही. आपल्या भाषेत बोला.

‘माय नेम इज खान’ बद्दल माझं मत सांगते, सगळ्यांना पटेल असं नाही. प्रेसिडेंटला भेटायला निघालेला, पुरात गाव वाचवणारा रिझवान मला खरा वाटत नाही. पण सुरुवातीचा एअरपोर्टचा सीन, त्याच्या पुटपुटण्यावरून आणि नजर न देण्यावरून सिक्युरिटीवाले त्याला बाजूला घेतात, तो अगदी खरा आहे. आमच्या बाबतीत तो बसस्टँडवर झाला, एका माणसानं चिन्नूची कॉलर धरली होती, हा लाईनीत का ओरडतोय म्हणून. एवढा एक सीन कापून शाळेच्या शिक्षकांना, बसच्या लोकांना, पोलिसांना दाखवण्यासारखा आहे.

काम कुणी केलंय ते पण बघा

शेवटी नावं येतात तेव्हा उठून जाऊ नका. ‘यलो’ ज्या मुलीच्या आयुष्यावर आहे त्या गौरी गाडगीळनंच त्यात स्वतःचं काम स्वतः केलंय, मराठीत 2014 मध्ये हे झालंय याचा मला अभिमान आहे. ‘सितारे जमीन पर’ मधले दहा खेळाडू, कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला ऑटिझम, पण सगळे खरेच आहेत, मूळ स्पॅनिश पिक्चर 2018 चा, त्यात पण खरेच होते. गोष्ट परत कोचच्या सुधारण्याचीच आहे, तरी ते दहाजण पडद्यावर आले की कोचकडं लक्षच जात नाही. बीबीसीची ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ (2023) मुलांची सिरियल आहे, त्यात ऑटिस्टिक मुलींची कामं ऑटिस्टिक मुलींनीच केलीत. म्हणून बाकीच्यांनी करूच नये असं मी म्हणत नाही, पण निदान लिहिताना तरी अशा माणसांना जवळ बसवलं होतं काय हे विचारायला पाहिजे. ‘अटिपिकल’ (2017) वर पहिल्या सीझनलाच लोकांनी हा प्रश्न विचारला आणि नंतरच्या सीझनमध्ये त्यांनी ऑटिस्टिक अॅक्टर घेतले. म्हणजे विचारल्यानं फरक पडतो.

बरं होणारे पिक्चर

‘कोई मिल गया’ (2003) मध्ये परग्रहावरचा जादू येतो आणि रोहित हुशार होतो. तिथं ऑटिझम नाही, पण तशी आस लावणारे पिक्चर बघून घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, कुठंतरी औषध असणारच. अशा वेळी फोन येतात, स्टेम सेल करा, अमुक डाएट, तमुक इंजेक्शन, लाखांचा खर्च. ऑटिझमसाठी स्टेम सेल ही मान्यता असलेली ट्रीटमेंट नाही, शेत विकू नका, दागिने मोडू नका. पिक्चर बघून आपल्याच पोराबद्दल शंका आली असेल तर जिल्हा हॉस्पिटलात लहान मुलांच्या तपासणीचं केंद्र असतं तिथं जा, मैसूरची वाचा-श्रवण संस्था आणि बंगळूरचं निम्हान्स हे दोन्ही आपल्याच कर्नाटकात आहेत, लांब पडतं पण एकदा जाऊन या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. आणि आईच्या थंडपणामुळं ऑटिझम होतो ही जुनी गोष्ट कुणी काढली तर तिथंच थांबवा, ती केव्हाच खोटी ठरलीय आणि तिनं कितीतरी आयांना आयुष्यभर जाळलंय.

पोराला घेऊन थेटरात

सकाळचा शो, आठवड्यातला मधला वार, कडेची सीट, दाराजवळची. आत जायच्या आधी थेटर बाहेरून एकदा दाखवून आणा. कानावर हेडफोन, आवडीचं कापड, खायचं घरचं नेऊ देत नसतील तर मॅनेजरला आधीच भेटून सांगा, आमच्या अनुभवात नीट सांगितलं तर ऐकतात. जाहिराती संपल्यावरच आत शिरा, तो आवाज सगळ्यात वाईट. वीस मिनिटांत उठावं लागलं तर उठायचं, तिकीट गेलं तर गेलं, वीस मिनिटं बसला हेच पुढच्या वेळेला उपयोगी पडतं. आणि पिक्चरमध्ये त्याच्यासारखं कुणी असेल तर त्याला आधी सांगा, हा पण तुझ्यासारखा आहे म्हणून. बोलत नाही म्हणजे समजत नाही असं धरून चालू नका, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल रडत बसू नका.

लहानांसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ मधली ज्युलिया नावाची ऑटिस्टिक बाहुली आहे, 2017 पासून टीव्हीवर आहे, तिला चालवणारी बाई स्वतः ऑटिस्टिक मुलाची आई. आणि मोठ्यांसाठी, विशेषतः ज्यांना अडीच तास बसवत नाही त्यांच्यासाठी, पिक्सारची ‘लूप’ (2020), साधारण 9 मिनिटांची. तळ्यात एक होडी, त्यात न बोलणारी रेने आणि लय बोलणारा मार्कस. रेनेला आवाज देणारी मुलगी पण ऑटिस्टिकच. भाषा आली नाही तरी चालते, आजीला कन्नड-मराठी काही सांगावं लागलं नाही. रेने घाबरून लपते तेव्हा मार्कस तिला ओढत नाही, जरा लांब बसून वाट बघतो, तिथं मी थांबवते आणि कुणी काही बोलतंय काय बघते.

काकींना मी तीच दाखवली, चहाबरोबर, आमच्याच सोप्यात. त्या काही बोलल्या नाहीत, कप ठेवून गेल्या. पुढच्या वर्षी शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या दिवशी दुपारीच त्यांचा नातू निरोप घेऊन आला, “आज्जीनं सांगितलंय, डॉल्बी आपल्या गल्लीच्या तोंडाला दहाच्या सुमाराला येणार, चिन्नूला मागच्या आमच्या खोलीत आणून बसवा, तिथं आवाज कमी येतोय.”